खराबी मॉनिटरमध्ये नव्हती

मित्रांनो, कारंजा लाडच्या एका दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर मी उभा आहे. मी कॉम्प्युटरचा मॉनिटर. वय झालं आहे माझं. उजव्या कोपऱ्यात नखाएवढा ओरखडा आहे, आणि पायाचा एक स्क्रू हरवल्यामुळे मला पुठ्ठ्याची घडी लावून सरळ उभं केलेलं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं, पण ती कधीच झिजून गेली. मला आठवतो तो गावातला कॉम्प्युटर क्लास. तिथे पोरं टायपिंग शिकत, आणि सर बाहेर गेले की पत्ते उघडून बसत. लॉकडाऊनमध्ये तो क्लास बंद पडला आणि पुन्हा उघडलाच नाही. आम्ही सगळे मॉनिटर तय्यबच्या दुकानात येऊन पडलो. तय्यब बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्या दुकानातून मला या घरातल्या वैजयंतीने उचललं.

वैजयंती तेव्हा ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात कामाला होती. दिवसभर सातबारे, दाखले, पीकविमे. संध्याकाळी घरी आली, चहा घेतला, की माझ्यासमोर बसायची ती खेळायला. तिशी ओलांडलेली बाई गेम खेळते याचं गल्लीत हसू व्हायचं. तिला त्याचं काही नव्हतं. ती नुसती खेळत नसे, खेळून झाल्यावर त्याबद्दल बोलायची. एक छोटा माइक टेबलाला अडकवून ती आपल्या वऱ्हाडीत रेकॉर्ड करायची: या आठवड्यात कोणता गेम खेळला, कुठं मजा आली, कुठं सॉफ्टवेअरवाल्यांनी माती केली. ऐकणारे थोडेच होते, पण नेमाने ऐकायचे.

"चांगलं सॉफ्टवेअर डोयात भरत नाई," असं ती एकदा बोलली होती. "आपन आपलं काम करत राह्यतो, अन् ते मांगं उभं राह्यते. वाईट सॉफ्टवेअर सारखं पुढं पुढं करते."

मला ती फार जपायची. रोज मऊ फडक्याने पुसायची. तिच्या माणसांपेक्षा जास्त वेळ तिचा चेहरा मी पाहिला आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर तिने एक नवा गेम घेतला. त्यात एक नावाडीण होती. डोंगरातल्या उगमापासून समुद्रापर्यंत नाव न्यायची, वाटेत काठावरची माणसं घ्यायची, त्यांना त्यांच्या गावी उतरवायचं. प्रत्येक माणूस आपली गोष्ट सांगायचा. वैजयंती त्या गेममध्ये अगदी गुंतली. पण रात्रीचा प्रवास सुरू झाला की ती चिडायची.

"या लोकाईनं रात्र इतकी कायी काहून केली?" ती म्हणायची, आणि माझा उजेड वाढवायची. वाढवता वाढवता मी पुरता प्रखर झालो. तरी तिला काठ दिसेना. मग तिने माइक घेतला आणि त्या आठवड्याचं सगळं बोलणं त्यावरच केलं. नव्या अपडेटमध्ये बिघाड आहे, रात्रीचे प्रसंग दिसतच नाहीत, बाजूने लुटारू येतात ते अंगावर आल्याशिवाय कळत नाहीत, हा काही खेळ झाला नाही, असं बरंच काही.

ऐकणाऱ्यांची उत्तरं आली. ती तिने माझ्यावरच वाचली. आम्हाला तर सगळं नीट दिसतं, असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याने लिहिलं होतं, ताई, तुमचा मॉनिटर बदला.

मित्रांनो, असा माझ्यावर आळ आला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझा रंग उतरला असेल, मी म्हातारा झालो असेन, असं मलाही वाटू लागलं. त्याच दिवसांत ती घरात ठेचकाळत होती. उंबऱ्यातली बादली तिच्या पायाने लवंडली तेव्हा तिची आई प्रयागबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लक्ष कुठं हाय वं तुहं? त्या गेमातच राह्यते ध्यान." त्या बादलीचा आणि माझ्या काळोखाचा काही संबंध असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

रविवारी तिने मला ओढणीत गुंडाळलं आणि तय्यबच्या दुकानात नेलं. तय्यबने माझी तपासणी केली. मग एक कोरा नवा मॉनिटर जोडला आणि तोच रात्रीचा प्रसंग लावला.

"आता दिसते का, ताई?"

"नाई. याच्यातबी तसंच हाय."

तय्यब थोडा वेळ माझ्याकडे आणि त्या नव्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. त्याला दोन्हींत काठ दिसत होता, झाडं दिसत होती, झाडामागचा लुटारूही दिसत होता. मग त्याने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला.

"ताई, माह्या नाकाकडं पाहा. बाजूनं मी हा पेन आणतो. दिसला की बोला."

त्याने पेन तिच्या कानाच्या रेषेतून हळूहळू पुढे आणला. ती काही बोलली नाही. पेन आणखी पुढे आला. जवळजवळ त्याच्या गालाशी आला तेव्हा ती म्हणाली, "हं, दिसला."

तय्यबने पेन खाली ठेवला. मला पुन्हा ओढणीत बांधता बांधता तो म्हणाला, "मॉनिटरमंदी काही खराबी नाही. तुम्ही अकोल्याले जाऊन डोळे दाखवा. टाळू नका."

घरी हे कळलं तेव्हा दौलतराव, म्हणजे वैजयंतीचे वडील, खाटेवरून उठले. बाजार समितीत आयुष्यभर मापारी म्हणून धान्य मोजलेला माणूस. बोलणं कमी, आवाज मोठा. त्यांनी माझ्या मागची वायर उपसली.

"या डबड्यानं डोये खाल्ले पोरीचे. मी पयल्यापासून सांगून राह्यलो."

"बाबा, त्याचा काय दोष?"

"मंग कोनाचा हाय?"

ती वायर त्यांनी धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, ज्वारीच्या खाली पुरून ठेवली. त्यानंतरचे काही दिवस मी अंधारात उभा होतो. बाप आणि लेक अकोल्याला जाऊन आले तेव्हाही माझ्या अंगात वीज नव्हती, पण ते माझ्याच समोर बसले, म्हणून काय झालं ते मला कळलं.

प्रयागबाई भाकरी थापताना उठून आल्या होत्या. हाताला पीठ तसंच.

"काय म्हने डॉक्टर?"

वैजयंतीने सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू सुकत चालला आहे. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं, मग मधलं. चष्म्याने, थेंबांनी काही होत नाही. तिच्या आजारावर आज तरी औषध नाही.

"त्या गेमानं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"नाई, माय. गेमाचा काई संबंध नाई म्हने."

"मंग कायनं?"

वैजयंतीला ते सांगायचं नव्हतं. दौलतराव भिंतीकडे पाहत होते. शेवटी तेच बोलले.

"डॉक्टरनं इचारलं, आई-बापाचं लगन नात्यात हाय का. मी म्हनलं, हाय. सख्ख्या मामाची पोरगी केली. आपल्या दोघाच्याबी रक्तात होतं म्हने ते. आपल्याले काई झालं नाई. दोघाचं मिळून तिले गेलं."

प्रयागबाई खालीच बसल्या. किन्हीराजा या माहेरगावी झालेलं ते लग्न दोन्ही घरांनी किती हौसेने केलं होतं, हे त्या कुणाही पाहुण्याला सांगायच्या. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून ते मी ऐकलं नाही.

दौलतराव उठले, कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी वायर काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि टेबलावर ठेवली. लेकीकडे न पाहता ते बाहेर निघून गेले.

पुढची दोन-तीन वर्षं वाईट गेली, मित्रांनो. केंद्रात तिने एका बाईच्या अर्जात आकडा चुकवला, मग दुसऱ्याच्या. कुणी काढून टाकण्याआधी तीच घरी बसली. अक्षरं मोठी करून करून माझ्यावर एका वेळी एकच शब्द मावायला लागला. मग तोही तिला तुकड्या-तुकड्यांत दिसायचा. दौलतराव या खोलीत यायचंच टाळायचे. आले तरी दारातून काहीतरी घेऊन परत जायचे. शिव्या देण्यासाठी त्यांच्याजवळ मी होतो तोवर बरं होतं. आता कुणाला द्यायच्या?

एका संध्याकाळी ती नावाडिणीचा गेम लावून बसली होती. नाव सारखी खडकावर आपटत होती. तीच जागा, तोच खडक. तिने कीबोर्डवरून हात काढले आणि तोंड झाकून घेतलं.

दौलतराव दारात उभे होते. ते आत आले, स्टूल घेतलं आणि बाजूला बसले.

"उजवीकडं घे," ते म्हणाले.

तिने मान वळवली.

"गोटा हाय डाव्या अंगाले. मोठा. तू उजवीकडं घे नाव."

तिने बटण दाबलं. नाव खडकाच्या बाजूने निघून गेली.

त्यानंतर ते रोज बसू लागले. ज्या माणसाने मला डबडं म्हटलं, तो माझ्यातलं चित्र आपल्या लेकीला सांगू लागला. त्यांना गेम कळत नव्हता, पण बारकाईने पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. "काठावर बाई उभी हाय. लाल लुगडं. हातात कंदील." "फांदी आडवी आली, थांब." "आता पानी उथळ दिसून राह्यलं." माणसांच्या गोष्टी कानांनी ऐकता येत, त्या वैजयंती त्यांना वऱ्हाडीत सांगायची. एका म्हाताऱ्या प्रवाशाला उतरवताना दौलतरावांनी विचारलं, "याचं पुढं काय होते?" ती म्हणाली, "ते सांगत नाई, बाबा." ते बराच वेळ त्या म्हाताऱ्याची पाठ पाहत बसले.

त्या आजाराबद्दल, त्या लग्नाबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत. माफी हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नाही. फक्त डावीकडे, उजवीकडे, थांब, चाल.

नदी रुंद होत गेली. समुद्र जवळ आला. शेवटचं गाव उरलं होतं. त्याच दिवशी गेमचं नवं अपडेट आलं.

गेम उघडेना. आता आधी कंपनीच्या खात्यात शिरायचं होतं, तेही ऑनलाइन. वैजयंतीने पासवर्ड टाकला. माझ्यावर चित्रांच्या चौकटी उमटल्या. त्या तिने आधी हजारदा पाहिल्या होत्या, म्हणून तिला अंदाज होता.

"बाबा, वर इंग्रजीत काय लिहिलं? शेवटचा मोठा शब्द सांगा."

दौलतराव सातवी शिकलेले. बोट माझ्या काचेवर ठेवून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. "बी. यू. एस. ई. एस."

"बसेस. ज्या चौकटीत बस दिसते, त्या सांगा."

त्यांनी सगळं नीट पाहिलं. परदेशातल्या रस्त्यांची धूसर चित्रं होती ती. "एस.टी. तं एकबी नाई याच्यात," ते म्हणाले. "एक पिवळा ट्रक हाय. लांबच लांब."

"ट्रक हाय का बस?"

"मले ट्रकच वाटून राह्यला, बाई."

त्यांनी ट्रक सोडला आणि दुसरंच काही निवडलं. चुकलं. नवी चित्रं आली. तीही चुकली. कानाचं चिन्ह दाबून ऐकायची सोय असते, ती तिने त्यांच्याकडून शोधून घेतली. ही सेवा सध्या उपलब्ध नाही, असं आलं. पुन्हा चित्रं. पुन्हा चूक.

"पन हे इचारते काय?" दौलतराव वैतागले. "गेमाचा अन् बशीचा काय संबंध?"

"मी माणूस हाय का मशीन, ते पाहून राह्यले."

"मंग सांग ना, माणूस हाय म्हनून."

"तसं सांगता येत नाई, बाबा. पाहूनच सांगा लागते."

खातं बंद झालं. शेवटच्या गावाआधी थांबलेली तिची नाव आत राहिली. तय्यबने कंपनीला इंग्रजीत मेल लिहिला. उत्तर लगेच आलं, मशीनने दिलेलं. तक्रार नोंदवण्यासाठी खालील चित्रं ओळखा, असं त्यात होतं. तय्यबने ती ओळखली, तक्रार गेली, आणि त्यापुढे काहीच आलं नाही.

त्या आठवड्यात तिने शेवटचं रेकॉर्डिंग केलं. दौलतराव स्टुलावर होते. ती फार वेळ बोलली नाही. "सॉफ्टवेअरवाल्यांनो, मांगं मी म्हनलं होतं का रात्र कायी केली, तुमी बिघाड करून ठेवला. ते चूक होतं, खराबी माह्या डोयात होती. पन हे दार तुमी लावलं. हे माह्या डोयानं नाई लागलं." एवढं बोलून तिने माइक बंद केला.

हे सगळं होईस्तोवर पुन्हा उन्हाळा आला होता. तय्यब येऊन तिला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकवायचा. त्यातली सपाट आवाजाची एक बाई सगळं भराभर बोलायची, आणि वैजयंती कानात हेडफोन घालून कीबोर्डवरून काम करायची. ती लवकर शिकली. एक दिवस दौलतरावांनी त्याला बाहेर गाठलं. खिडकी उघडी होती, म्हणून मी ऐकलं.

"तय्यब, माहा एक डोया काढून तिले लावता येते का? मले एक पुरते."

"नाही होत, काका. पुढचं बुबुळ बसवतात. हिचा आतला पडदा गेला."

"म्हंजे काईच नाई होत?"

"नाही, काका."

ते आत आले नाहीत. बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

आणि मग एका संध्याकाळी वैजयंतीने टेबलावर हात फिरवत माझं बटण शोधलं. "हा कायले चालू ठेवता, बाबा?" ती म्हणाली. "मले त्याचा उजेडबी समजत नाई आता." तिने बटण दाबलं. टेबलाखालचा कॉम्प्युटर चालूच राहिला. तिचं काम अडलं नाही.

तेव्हापासून मी बंद आहे. मला फेकू नका, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. मी काचेचा आहे, माझं जे व्हायचं ते होईल. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात, वर्गात कुणी तिन्हीसांजेला दाराला धडकत असेल, बादल्या लवंडत असेल, तर त्याला वेंधळा म्हणू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन सॉफ्टवेअर लिहिणार असेल, तर ते लोकांना देण्याआधी एक करा. माझ्यासारख्या एखाद्या मॉनिटरसमोर बसा, त्याचं बटण दाबून तो बंद करा, आणि आपणच बांधलेल्या दारातून आत जाता येतं का, ते स्वतः पाहा.