घरचं माणूस

गोष्टीचं शेवटचं पान वाचून बाईंनी पुस्तक मिटलं, तरी वर्गात कुणी हललं नाही. गोष्टीत लांबच्या प्रवासाहून नवरा परततो आणि बायकोला तो भलताच कुणीतरी वाटू लागतो.

"मग तो भूत असतो का, मॅडम?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"नाही. नवरा तोच असतो. मनोविश्लेषण म्हणतं, अशी भीती परक्याची नसते. आपणच मनात गाडून टाकलेलं काहीतरी वर आलं, की अंगावर काटा येतो."

"तिनं काय गाडलेलं असतं?"

बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "तो परत येऊ नये, असं तिला कधीतरी वाटलेलं असतं."

त्यांचा स्वतःचा नवरा नुकताच इस्पितळातून घरी आला होता. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा जिन्यात बसून त्या मनाशी म्हणाल्या होत्या, सुटू दे आता. तो बरा झाला. हनुवटीवरचा व्रण, खोकला, वर्तमानपत्राची घडी घालायची तऱ्हा, सगळं जागच्या जागी होतं. फक्त तो तो वाटत नव्हता. जेवताना त्या चोरून त्याच्या हातांकडे बघत. असं का होतं हे त्यांना तोंडपाठ होतं. उपयोग काडीचा नव्हता.

संध्याकाळी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, हा तो नाहीये गं."

"काहीतरीच काय! दमलीयेस तू. चार दिवस ये इकडे."

"सगळं अगदी तसंच करतो. कुणीतरी त्याला घोकून आल्यासारखं."

त्या वळल्या. दारात नवरा चहाचे दोन कप घेऊन उभा होता.

"निवतोय," एवढंच म्हणून त्यानं एक कप टेबलावर ठेवला. रात्री स्वतःची उशी उचलून तो बाहेरच्या खोलीत झोपला.

सकाळी शयनगृहाच्या दारावर टकटक झाली. दार सताड उघडंच होतं.

"कपडे कपाटात राहिलेत. आत येऊ का?"

अरे, विचारतोस काय, एवढंच म्हणायचं होतं. कॉलेजात ओळख झाल्यापासून त्या त्याला अरे-तुरेच करत आल्या होत्या. शब्द घशापर्यंत आलेही.

"या ना," त्या म्हणाल्या, आणि पलंगावरून उठून उभ्या राहिल्या.

त्यानं मान खाली घातली. मग पायपुसण्यावर नीट पाय पुसून तो आत आला.