केळीच्या पानावरचे सेन्सर

मैथिलीने केळीच्या पानावरून पीएचचा सेन्सर उचलला. त्याच्या काचेच्या टोकाला हळद-कुंकू लागलं होतं आणि झेंडूची एक पाकळी चिकटली होती. शेजारी तापमानाचा आणि ऑक्सिजनचा, असे आणखी दोन सेन्सर पूर्वेकडे तोंड करून आडवे झाले होते. तिन्ही चकाचक. मागे टाकीच्या ज्या भोकांत ते असायला हवे होते, तिथे जुन्या धोतराचे बोळे कोंबलेले होते, आणि आत चार हजार लिटर संत्र्याचा रस आंबून व्हिनेगर होण्याच्या ऐन भरात होता.

"हे कोणी काढले?"

"म्याच काढले," माणिकबाई म्हणाल्या. "चिंचेनं घासले, राखेनं उजळले. केवढा चिकटा बसला होता वो बाई!"

"खंडेनवमी आहे आज," त्यांचे यजमान शेषराव म्हणाले. मोर्शीच्या बागायतदारांनी काढलेल्या या कंपनीचे ते अध्यक्ष होते. "यंत्राची पूजा नाही करा लागत?"

मैथिलीने वडिलांकडे पाहिलं. चिंतामण गुरुजी खास या पूजेसाठी सकाळच्या एसटीने अमरावतीहून आले होते.

"मी फक्त मुख्य अंग कोणतं, एवढंच विचारलं," गुरुजी म्हणाले. "माणिकबाई म्हणाल्या, ज्याच्या किमतीवरून सभेत भांडणं झाली ते."

भांडणं झाली होती खरी. आम्लात टिकेल अशी काच, हवेच्या बुडबुड्यांत भरकटणार नाही असा ऑक्सिजनचा सेन्सर, हे मैथिलीने अख्खा उन्हाळा घालवून निवडलं होतं. दर नव्या भरतीआधी, म्हणजे टाकीत नवा रस भरण्याआधी, ती स्वतः ते धुवून हातातल्या मीटरवर तपासत असे. त्या काचेला कापूसही घासायचा नाही आणि ती सुकू द्यायची नाही, असं लिहून तिने भिंतीवर लावलं होतं. त्या कागदालाही आज हार होता.

दारात मंजुषा उभी होती. अकोल्याच्या लोणच्या-सॉसच्या कारखान्याची ती क्वालिटी मॅनेजर. वर्षभर व्हिनेगर इथून घ्यायचं की नाही, हे आज करारावरच्या तिच्या सहीवर ठरणार होतं. नाही म्हणाली तर टाकी विकायची, असं सभेत आधीच ठरलं होतं; आणि टाकी गेली की मैथिलीचं इथे काही काम उरत नव्हतं. बडनेरा स्टेशनपासून इथवर मैथिलीने तिला मोबाइलवर टाकीचा ग्राफ दाखवला होता. किंचित हलणारी, पण कधीच न चुकणारी हिरवी रेघ.

"मॅडम, ही भरती आपण धरायची नाही," मैथिली म्हणाली. "सेन्सर बाहेर आहेत, रीडिंग आता पार कोसळलं असेल. पण सकाळपर्यंतचं सगळं रेकॉर्ड आहे."

तिने टाकीशेजारच्या ऑफिसातला स्क्रीन सगळ्यांकडे फिरवला.

पीएच उत्तम होता. ऑक्सिजन हवा तेवढा होता. तापमान तीस अंश होतं. तिन्ही चौकोन हिरवेगार होते.

मंजुषाने पानावरच्या सेन्सरांकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा पानाकडे. गुरुजींनी नकळत हात जोडले.

"पाहा," शेषराव हळूच म्हणाले, "पूजा लागली."

मैथिलीने केयूरला फोन लावून स्पीकरवर टाकला. इथल्या आणि आजूबाजूच्या बऱ्याच कारखान्यांतल्या स्क्रीनची यंत्रणा अमरावतीच्या या मुलाने बसवली होती.

"केयूर, सेन्सर टाकीबाहेर आहेत आणि स्क्रीन हिरवा आहे."

"हो ताई, ते फीचर आहे," केयूर आनंदाने म्हणाला. "रीडिंग मर्यादेबाहेर गेलं की सिस्टीम शेवटचं चांगलं रीडिंग दाखवत राहते. अलार्म वाजत नाही. शेषराव काकांनीच करून घेतलं."

सगळे शेषरावांकडे वळले.

"मंग काय करू? अर्ध्या रात्री फोन बोंबले. मले वाटे कोणी मेलं," शेषराव म्हणाले. "ह्या पोराले म्हटलं, बाबू, हे बोंबलणं बंद कर. तवापासून ग्राफ कधी लाल झालाच नाही. मले वाटलं, मैथिलीबाईचा हात बसला."

मैथिली खुर्चीवर बसली. मागच्या सभेत त्या ग्राफसाठी टाळ्या झाल्या होत्या. तिने उभं राहून त्या घेतल्या होत्या.

"ताई, टेन्शन नका घेऊ," फोनमधून केयूर म्हणाला. "इकडे सगळेच हे मागतात."

"सगळेच म्हणजे कोण?" मंजुषाने विचारलं.

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मंजुषा मॅडम?" केयूरचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही तिथे कशा? मॅडम, रेंज नाहीये, मी नंतर करतो."

फोन कट झाला. टाकीतली हवा तेवढी खळखळत होती.

मंजुषाने पर्समधून काढलेलं पेन टेबलावर कराराशेजारी ठेवलं. तिने आपल्या फोनवर अकोल्याच्या कारखान्यातल्या ऑपरेटरचा नंबर लावला. तिनेही स्पीकर सुरू केला.

"पुंजाजी, एक नंबरच्या टाकीतले सेन्सर बाहेर काढा. नाही, बंद नका करू. नुसते काढून हातात धरा. आणि स्क्रीनवर काय येतं ते मला सांगा."

"आत्ता?"

"आत्ता."

पावलांचा आवाज गेला. लोखंडी शिडी वाजली. माणिकबाईंनी पाण्याचा पेला भरून मंजुषासमोर ठेवला. तिने तो उचलला नाही. मैथिली उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींपैकी कोणीच करारावर नजर टाकली नाही.

शिडी पुन्हा वाजली. पुंजाजींचा श्वास फुलला होता, पण आवाज खुशीत होता.

"मॅडम, तिनई हातात धरून उभा आहो. तुमी बिलकुल फिकर नोका करू. इथं स्क्रीनवर सगळं हिरवं, बराबर आहे."