लुकेरियाच्या तळघरातला हवेचा पंप

मित्रांनो, तुमच्या एका ओंजळीत सहज मावेन एवढासा मी, हवेचा एक जुना पंप. दिसायला साबणाच्या वडीसारखा, रंगाने मळकट निळा. माझ्या पोटात एक चुंबक आहे, एक लोखंडी दांडी आहे आणि रबराचा एक पातळ पडदा आहे. वीज आली की दांडी थरथरते, पडदा वरखाली होतो आणि मला जोडलेल्या नळीतून हवा बाहेर पडते. मला येतं ते एवढंच. पण देवाने ज्याला जे काम दिलं ते त्याने नेमाने करावं, असं मी मानतो. माझा नेम हवा देण्याचा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खोक्याच्या अंधारातून बाहेर आलो तो थेट कॅनडातल्या कॅसलगार गावातल्या एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या दुकानात. तिथे काचेच्या पेटीत सोनेरी मासे होते आणि त्यांच्या पाण्यात हवा सोडायचं काम माझ्याकडे होतं. केस कापून घेताना रडणारी मुलं पेटीतले बुडबुडे पाहून गप्प होत. "बघ, मासा तुझ्याशी बोलतोय!" न्हावी म्हणायचा. बोलत खरं तर मी होतो. पण मी कधी तक्रार केली नाही. मूल हसलं की मला सगळं पोचायचं.

पुढे न्हाव्याचे डोळे अधू झाले. त्याने कात्री ठेवली, मासे कुणी नातेवाइकाने नेले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात एका फळीवर जाऊन पडलो. मित्रांनो, ते दिवस कठीण होते. माझ्या नळीच्या गाठी झाल्या, अंगावर धूळ बसली. कुणी उचललं की वाटायचं, आता आपल्याला काम मिळणार. तो माणूस मला कानाशी धरून हलवायचा आणि परत ठेवून द्यायचा.

एके दिवशी डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक बाई आली. तिने मला उचललं, पदराने पुसावं तसं रुमालाच्या टोकाने पुसलं आणि दुकानातल्याच विजेला जोडून पाहिलं. मी घुमायला लागलो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"चालतोय की रे बाबा," ती हळूच म्हणाली. दुकानदाराला नव्हे, मला.

ती लुकेरिया. मी तिच्या घरी आलो.

कूटनी नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी तिचं लाकडी घर आहे. मागे बिटाचे आणि बटाट्याचे वाफे, कडेला शेपूची दाटी. ही दुखोबोर मंडळी, म्हणजे रशियातून इथे येऊन वसलेल्या एका ख्रिस्ती पंथाची माणसं. मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही, हातात शस्त्र घ्यायचं नाही. एकमेकांना भेटले की कमरेत वाकून नमस्कार करतात, कारण समोरच्याच्या आत देव बसलेला आहे. लुकेरिया तर सकाळी स्तोत्र म्हटल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसे.

तिने मला तळघरात नेलं. एका बाजूला काकडीच्या आणि बिटाच्या लोणच्याच्या बरण्या, कोपऱ्यात बटाट्यांची पेटी आणि मधोमध एका पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली पाण्याचे चार टब. टबांवर झाकणं, प्रत्येक झाकणाला एक भोक आणि प्रत्येक भोकातल्या जाळीदार कुंडीत एक झाड. मातीचा कण नाही. मुळं थेट पाण्यात लोंबत होती, धुतलेल्या सुतासारखी पांढरी.

नाव ऐकून दचकू नका मित्रांनो. ती गांजाची झाडं होती.

ती कुणी ओढण्यासाठी लावलेली नव्हती. लुकेरियाचा नवरा लॅरियन पूर्वी लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. मग त्याला मज्जातंतूंचा आजार जडला. पायांत असे गोळे यायचे की तो दात आवळून खाट धरून बसे. झोप नाही, अन्न जात नाही. बऱ्याच औषधांनंतर डॉक्टरांनी या झाडाच्या तेलाचे थेंब लिहून दिले. सगळ्यांनाच याचा गुण येतो असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. लॅरियनला आला. पण तयार मिळणारं तेल त्याच्या पोटाला मानवेना. मग रीतसर सरकारी परवाना काढून लुकेरियाने तळघरात झाडं लावली. दाराला कुलूप असे आणि किल्ली तिच्या गळ्यात. हे झाड पोराबाळांच्या हाती लागता कामा नये, याबाबतीत ती फार कडक होती.

पाण्यातल्या मुळांनाही श्वास लागतो. पाणी साचून राहिलं की त्यातली हवा संपते आणि मुळं गुदमरतात. म्हणून मी. माझ्या चार नळ्या चार टबांत गेल्या होत्या आणि मी अहोरात्र घुमत होतो. लुकेरिया रोज सकाळी स्तोत्र झालं की खाली येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायची. माझ्यासाठी तोच प्रसाद होता.

हे सगळं एका व्यक्तीला मुळीच पसंत नव्हतं. ती मालाशा, लॅरियनची थोरली बहीण. त्यांच्यात थोरल्या बहिणीला न्यान्या म्हणतात. न्यान्या दोन घरं सोडून राहायची आणि दिवसातून एकदा तरी येऊन लुकेरियाला, म्हणजे तिच्या लुशाला, बोलून जायची.

"आपल्या वाडवडिलांनी तंबाखूच्या पानाला हात लावला नाही, आणि तू तळघरात हे पोसतेस, लुशा?"

"औषध आहे, न्यान्या."

"औषध! आणि तेही मातीशिवाय. ज्याला मातीच नाही ते कसलं रोप?"

"न्यान्या," लॅरियन खाटेवरून म्हणायचा, "तू गुडघ्याला घोड्याचं मलम चोळतेस, ते कुठल्या स्तोत्रात सांगितलंय गं?"

"तू गप्प बस. घोडा तंबाखू ओढत नाही."

लॅरियन हसायचा. हसता यावं एवढी ताकद त्याला त्या थेंबांनी दिली होती.

त्या वर्षी वसंतात झाडं फुलांवर आली. जुनं तेल बाटलीच्या तळाशी गेलं होतं. हे पीक हाती आलं की नवं तेल निघणार होतं. ते हातचं गेलं, तर पुन्हा रोपापासून सुरुवात आणि तेवढे महिने लॅरियनला थेंबाशिवाय काढायचे. लुकेरिया बाटली उजेडात धरून पाहायची आणि परत ठेवून द्यायची.

लॅरियनला प्रार्थनाघरापर्यंत जाणं जमत नसे. म्हणून एका रविवारी गावची प्रार्थनाच त्याच्या घरी आली. टेबलावर पाव, मीठ आणि पाण्याची सुरई मांडली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका उभ्या राहिल्या. या लोकांचं गाणं वाद्याशिवाय असतं. एकेक शब्द लांबवत, एकाचा श्वास सरला की दुसऱ्याने उचलत, स्तोत्र डोंगरावरच्या ढगासारखं हळूहळू पुढे सरकतं. पूर्वी लॅरियनचा खर्ज साऱ्या खोऱ्यात वाखाणला जायचा. त्या दिवशी तो खुर्चीत बसून गायला.

पण सूर काही जमेना. मालाशा पुन्हा पुन्हा सुरुवात करून द्यायची आणि पुन्हा पुन्हा सगळ्यांचा आवाज खाली घसरायचा. कारण मी होतो. फळ्यांच्या जमिनीतून माझं घुमणं वर जात होतं आणि गाणारे नकळत माझ्या सुराकडे ओढले जात होते.

"तळघरात नवा भिडू आलाय," लॅरियन पुटपुटला. "खर्ज लावतो आणि मधे श्वाससुद्धा घेत नाही."

पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. मालाशाला मात्र हसू आलं नाही. देवाच्या समोर यंत्राने सूर सांगावा, हे तिला सहन झालं नाही. लुकेरिया डोळे मिटून उभी होती. मालाशा तिच्याजवळ गेली, "किल्ली" म्हणाली, आणि लुकेरियाने डोळे न उघडताच गळ्यातली किल्ली काढून दिली. मालाशा खाली आली आणि तिने भिंतीतून माझी वायर ओढली.

मी थांबलो. वर गाणं सुरू झालं. खरं सांगतो मित्रांनो, इतकं सुंदर गाणं मी कधी ऐकलं नव्हतं.

प्रार्थना संपली. मग बोर्श्टची, बिटाच्या साराची पातेली आली, आत बीन्स भरून भाजलेले पिराही आले, गप्पा झाल्या, भांडी झाली. मालाशाने किल्ली खुंटीला अडकवली आणि ती घरी गेली. माझी वायर जमिनीवरच पडून राहिली, आणि गडबडीत ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सोमवारी पहाटेच लॅरियनला जोराचे गोळे आले. त्याच दिवशी डोंगरापलीकडे केलोनाच्या इस्पितळात त्याची तपासणी होती. लुकेरियाने घाईघाईने त्याला गाडीत बसवलं. जाताना तिने तळघराच्या दाराकडे नजर टाकली. दाराखालून दिव्याचा उजेड दिसत होता, कारण दिव्याची वायर वेगळी होती. सगळं ठीक आहे असं समजून ती गेली. रात्री तिकडेच राहावं लागलं.

मी जमिनीवर होतो आणि पाणी माझ्यापेक्षा वर, टबांत. हवा थांबल्यावर पाणी नळीतून उलटं खाली उतरलं आणि माझ्या पोटात शिरलं. मला काही करता येत नव्हतं. वर मुळं एकेक करून पिवळी, मग तपकिरी होत होती. पानं मान टाकत होती.

मंगळवारी दुपारी लुकेरिया परतली आणि खाली आली. दार उघडताच तिला कुजका वास आला. तिने झाकण उचललं. मुळं हाताला बुळबुळीत लागली. ती गुडघ्यांवर बसली. तेवढ्यात आपली पातेली न्यायला मालाशा आली आणि जिन्यावरून हाक मारत खाली उतरली.

"लुशा, काय झालं गं?"

"मुळं गुदमरली, न्यान्या. वायर निघाली होती."

मालाशा वायरीकडे बघत राहिली.

"निघाली नव्हती," ती म्हणाली. "मी काढली. परत लावायची राहिली."

लुकेरियाचे ओठ हलत होते. ती स्तोत्र म्हणत होती की राग गिळत होती, मला कळलं नाही. मग तिने भिंतीवरची कात्री काढली.

"बाह्या वर करा, न्यान्या."

दोघींनी कुजलेली मुळं कापली, टब रिकामे करून घासले, गार पाणी भरलं. दोन झाडं तर गेलीच होती, ती खताच्या ढिगावर गेली. उरलेल्या दोन झाडांना तातडीने हवा हवी होती. मला जोडून पाहिलं, तर मी नुसताच फडफडलो आणि ओलावलेला जुना पडदा फाटला. कॅसलगारला जाऊन नवा पंप आणेपर्यंत वेळ गेला असता.

मग लुकेरिया पत्र्याच्या मगाने पाणी काढून उंचावरून परत टबात ओतायला लागली. ओतलं की बुडबुडे उठत आणि विरून जात. पुन्हा मग, पुन्हा धार. माझं काम एक बाई हाताने करत होती.

मला वर लॅरियनच्या टेबलावर नेलं. यंत्राची जाण त्याला, पण हात थरथरणारे. हात धड मालाशाचे, पण यंत्र तिने कधी उघडलेलं नाही.

"डावीकडे फिरव, न्यान्या. डावीकडे! जेवतेस तो उजवा."

"मला डावं-उजवं शिकवतोस? चमच्याने भरवलंय मी तुला."

"म्हणूनच अजून हात थरथरतात."

"जीभ बरी थरथरत नाही तुझी."

स्क्रू निघाला. माझं पोट उघडलं, पाणी पुसलं. लॅरियनने फाटका पडदा पाहिला.

"रबर पाहिजे. पातळ. तुझा भांड्यांचा हातमोजा आण."

"नवा आहे तो!"

लॅरियनने नुसता स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिथे पुन्हा गोळा उठत होता. मालाशाने ते पाहिलं. ती उठली, हातमोजा आणला आणि त्याचा अंगठा कचकन कापला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या छातीत मालाशाच्या हातमोज्याचा पिवळा अंगठा आहे. त्याच्याच जोरावर मी पुन्हा घुमलो. लुकेरियाने हातातला पत्र्याचा मग खाली ठेवला तेव्हा तिचे खांदे वर उचलत नव्हते.

त्यातलं आणखी एक झाड पुढे वाळलं. चौथं मात्र हटवादी निघालं. काही दिवसांनी त्याच्या कापलेल्या मुळांतून केसासारखी पांढरी टोकं फुटली. त्या एका झाडाचं तेल लहानशी बाटली भरून निघालं. लॅरियनने ते पुरवून पुरवून वापरलं. काही रात्री त्याने दात आवळून काढल्या. पण पुढचं पीक येईपर्यंत बाटलीत थेंब उरले होते.

लुकेरियाने मला भिंतीच्या उंच खिळ्याला टांगलं, म्हणजे पाणी पुन्हा माझ्यात उतरणार नाही. शेजारी राखीव म्हणून एक नवा पंपही आणून ठेवलाय.

प्रार्थना अजूनही अधूनमधून घरी होते आणि सुराला शांतता लागतेच. म्हणून गाण्यापुरतं मला बंद करतात. पण आता मालाशा बायकांच्या ओळीत उभी राहत नाही. स्तोत्राच्या आधी ती तळघरात येते, माझी वायर काढते आणि बटाट्यांच्या पेटीवर बसते. वायर तिच्या मुठीत असते. ती तिथूनच गाते, वर मान करून, फळ्यांकडे बघत. वरून लॅरियनचा खर्ज येतो, खालून तिचा आवाज जातो. शेवटचा शब्द विरला की ती उठते आणि मला पुन्हा जोडते.

"एवढ्या पायऱ्या उतरून कशाला बसता, न्यान्या?" लुकेरियाने एकदा विचारलं. "मी लावीन ना आठवणीने."

"झाड मला आजही पटलेलं नाही," मालाशा म्हणाली. "मी झाडासाठी बसत नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी सतत घुमत असेल. कधी यंत्र असेल, कधी माणूस असेल. त्याचा आवाज तुम्हाला नकोसाही होईल. घटकाभर शांतता हवी असेल तर खुशाल बंद करा, आम्ही रागावणार नाही. फक्त तेवढा वेळ वायर हातातून सोडू नका.