लाटणं आणि डायनॅमो

दसऱ्यानंतर आमची काळी गाडी ओरडायला लागली. सुरू केली की कुत्र्याच्या पिल्लासारखी केकाटायची, आणि तीन-चार मैलांत रेडिएटरमधून वाफ.

शनिवारी कोलारला जायचं होतं. माझे वडील, आप्पाजी, अंथरुणाला खिळलेले. म्हणून माझं बाळंतपण सासरीच, बसवनगुडीत झालं, आणि कावेरी पाच महिन्यांची झाली तरी त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. तान्ह्या पोरीला बसमधून न्यायला सासूबाईंची साफ ना होती. गाडी नीट झाली तर कोलार, नाहीतर नाही.

शुक्रवारी ह्यांनी अर्धी रजा घेऊन बॉनेट उघडलं. कावेरी झोपली होती, मी जाऊन उभी राहिले.

"हे नळकांड्यासारखं काय?"

"डायनॅमो. बॅटरी भरतो. तो आणि पंखा, दोघं या एका बेल्टावर फिरतात. बेल्ट सैल पडला की पंखा मंदावतो, पाणी उकळतं."

"आणि बेल्ट सैल का पडतो?"

"वसू, तू मदत करणार आहेस की परीक्षा घेणार?"

"दोन्ही."

ह्यांनी एक लोखंडी पट्टी दाखवली. तिला लांबट खाच, खाचेत बोल्ट. डायनॅमो बाहेर ओढून बोल्ट आवळला की बेल्ट ताठ राहतो. पण हादऱ्यांनी खाच एका जागी झिजून खोलगट झाली होती, आणि बोल्ट घसरून पुन्हा पुन्हा तिथेच येऊन बसत होता. मला ते पाहून पाळण्याच्या कडीची झीज आठवली.

शेजारचे उमाकांतअण्णा कारखान्यात कामाला. त्यांनी नवी पट्टी कापून दिली होती. ती बसली, पण डायनॅमो ताणून धरायला काही हवं होतं. मी आतून लाटणं आणलं.

"आता पोळ्या काय इंजिनावर?" ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या.

"स्वल्प थांबा, आई. धुऊन देते."

मी लाटण्यानं डायनॅमो रेटून धरला, ह्यांनी बोल्ट आवळला. मग बेल्टावर मधोमध अंगठा दाबून बघायला सांगितलं. अर्धा इंच दबला. "सरी, एवढाच दबायला हवा," हे म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

ती तशीच केकाटली.

हे पायरीवर बसले. "कोलार राहिलं मग."

मला मात्र राहवेना. ताठ बेल्ट घसरतो कसा? इंजिन बंद करायला लावलं आणि बेल्टाच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं. बोट लाल आणि चिकट. वास घेतला. खोबरेल.

दसऱ्यातल्या आयुधपूजेला गाडी पुजताना लोखंडावर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून मी ते तेलात कालवलं होतं. आणि गाडीत सगळ्यात जास्त कोण राबतं असा विचार करून, बेल्टाला आणि त्याच्या चाकांना आतून-बाहेरून भरपूर लावलं होतं.

सांगितलं तेव्हा ह्यांनी माझं लाल बोट निरखून पाहिलं. मग म्हणाले, "पट्टी झिजली होतीच. पण तिच्याइतकीच तुझी भक्तीही भारी पडली."

"केसांतलं तेल कशानं जातं?" मी विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या शिकेकाईचं कढत पाणी घेऊन स्वतःच खाली आल्या. "दिवाळीआधीच याचं न्हाणं," म्हणत त्यांनी काढलेल्या बेल्टावर ओतलं आणि मी चोळलं. चाकं फडक्यानं पुसली, बेल्ट उन्हात वाळवला, पुन्हा चढवला, पुन्हा लाटणं. या खेपेला गाडीनं नुसता घुंऽऽ असा आवाज केला. कावेरी जागी होऊन ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोलारला आप्पाजींच्या कुशीत मी तिला ठेवलं. त्यांनी तिची मूठ उघडून पाहिली, कानाची पाळी पाहिली. मग माझा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"शिकेकाईचा वास येतोय. निघताना पोरीला न्हाऊ घातलंस वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "तिलाही."