टाचांचं मलम

"भेगो काय भरणत नाय, आणि वास मात्र काजूच्या भट्टीसारखो," कमलाक्षी पायाशी बसून पुटपुटली. "खंयच्या दुकानातसून हाडलात ह्या मलम?"

"म्हापशातसून," कृष्णनाथ म्हणाला. खोटंच.

त्याची उजवी टाच मांडीवर घेऊन ती अंगठ्याने चोळत होती. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एकवीस वर्षं मशीनं दुरुस्त करता करता, जाड बुटांत उकडून, त्याच्या टाचा सुक्या नारळासारख्या तडकल्या होत्या. चोळून झाल्यावर बोटांना उरलेलं तिने सवयीने स्वतःच्याच हातांना, कोपरापर्यंत पुसलं. ताटात शीत टाकणारी बाई नव्हती ती.

मलम टाचांचं नव्हतंच.

वर्षभर कृष्णनाथच्या अंगातली शक्ती कुठेतरी गळून चालली होती. दुपारच्या पाळीला मशीनला टेकल्या टेकल्या डोळे मिटायचे, आणि घरी कमलाक्षी त्याच्याकडे कुशीवर वळली की तो भिंतीकडे वळायचा. मग तीही वळेनाशी झाली. पेडण्यातला डॉक्टर ओळखीचा, म्हापशात अर्धी कंपनी भेटणार. म्हणून तो बसगाड्या बदलत साखळीला गेला. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा सकाळचं रक्त तपासलं आणि सांगितलं, पुरुषाचं हार्मोन कमी पडतंय. पुड्यांतून जेल मिळेल, रोज लावायचं.

"लावायची जागा महत्त्वाची. खांद्याला नाहीतर दंडाला," डॉक्टर म्हणाले. "तिथली कातडी पातळ, औषध रक्तात उतरतं. टाचांसारख्या जाड कातडीतून जेमतेम उतरेल. आणि खाली, नाजूक जागी, लावू नका. तिथून भलतंच उतरतं. एवढी अक्कल चालवणारे बरेच असतात."

कृष्णनाथने मान खाली घातली. त्याच्याही मनात तेच आलं होतं.

"वर शर्ट घाला, हात धुवा. बायकोच्या अंगाला लागता कामा नये."

पुड्यांवरचं नाव घरात कोणी वाचील म्हणून त्याने त्या सगळ्या टाचांच्या मलमाच्या एका रिकाम्या डबीत पिळल्या. शर्टाची बटणं सोडतोय तोच कमलाक्षी दारात उभी.

"हाडलात एकदाचा? किती वर्षां सांगतंय मी. बसा थंय, मी लावतंय."

डबी तिने ताब्यात घेतली आणि खिडकीत, आपल्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो खरं सांगणार होता. पण वर्षभरात पहिल्यांदाच तिचे हात पाव तास त्याच्या अंगावर राहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याने निमूट पाय पुढे केले.

तीन महिन्यांनी साखळीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटापालटा करून पाहिला. हार्मोन होतं तिथेच होतं.

"लावता कुठे?"

"खांद्याक."

डॉक्टरांनी पुड्या दुप्पट लिहून दिल्या. डबी काठोकाठ भरली. कमलाक्षी आता एका बोटाऐवजी दोन बोटं घेऊ लागली.

मग तिच्या हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. "न्हाणवलीचे फोड आता इले माका," म्हणून ती आधी हसली. मागाहून दोन-चार काळे केस आले तेव्हा हसली नाही. दार लावून आरशासमोर उपटत राहिली. आवाज बसला, तो हळदीच्या दुधाने उघडेना, ज्येष्ठमधाने उघडेना. कृष्णनाथ हे सगळं पाहत होता. डॉक्टरांचं बायकोबद्दलचं वाक्य त्याला आठवे, आणि तो उठून पाणी पिई.

एका रविवारी तनयाचा, मुरगावला दिलेल्या लेकीचा, फोन आला. कमलाक्षीने घेतला, बोलली.

"बाबा, आई खंय गेली?" तनयाने विचारलं.

कमलाक्षीने फोन कृष्णनाथच्या हातात दिला. "तुमका इचारता," म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

ती मागच्या दारी गेली तशी त्याने डबी मोरीत पालथी केली, धुतली आणि तीत साधं व्हॅसलीन भरलं. आठवड्याभरात टाचा लोण्यासारख्या झाल्या.

"बघा, आता लागू पडला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सगळं असंच आपोआप मिटेल असं त्याला वाटलं. पण शेजारच्या शेवंतीला सोबत घेऊन ती फोनच्या आदल्या दिवशीच, शनिवारी, म्हापशाला रक्त देऊन आली होती.

म्हापशाच्या डॉक्टर विनिता दोघांना समोर बसवून, रिपोर्टवर बोट ठेवून बोलत होत्या. "तुमच्या रक्तात पुरुषाचं हार्मोन फार वर गेलंय. सोनोग्राफीत काही दिसत नाही, पण लहान गाठ असली तर ती तिथे दिसेलच असं नाही. स्कॅनसाठी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देते."

"गाठ म्हंजे कॅन्सराची?"

"आत्ताच तसं म्हणता येणार नाही."

कमलाक्षीने पदर हनुवटीवर ओढून धरला होता. ती डॉक्टरांकडे न बघता नवऱ्याकडे वळली.

"तनयाक इतक्यात सांगा नकात. तिका सातवो म्हयनो चलता. शेवंतीक मी सांगान ठेवतंय, ती तुमका पेज करून दीत." मग जरा थांबून, "टाचांचा तेवढा तुमीच बघा."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"थांबा," कृष्णनाथ म्हणाला. तो उभा राहिला होता, का ते त्यालाही कळलं नाही. "गाठ नसतली तिका."

दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या. तो बायकोशीच बोलला.

"ता मलम टाचांचा नव्हता, कमल. पुरुषाचा जा आसता अंगात, ता माझ्यात कमी झालाहा. तेचा औषध ता. खांद्याक लावचा होता. माझ्या टाचांत काय जिरला नाय, तुझ्या हातांतसून तुझ्या अंगात गेला. तनयाचो फोन इलो तेव्हा माका खात्री पटली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. कमलाक्षीच्या हातातून पदर सुटला, तो तिने सावरला नाही.

"मग तोंड कित्या उघडूक नाय?"

"वर्षभर मी तुका हात लावूक नाय," कृष्णनाथ म्हणाला. "आणि तू रोज माझे पाय मांडयेर घेय होतंस. सांगलंय आसतंय तर ताही बंद झाला आसता."