सात पाकळ्यांचा हातमोजा

त्रोन्हाइमच्या बंदरावर तीन मजली उंचीचा ब्राँझचा हातमोजा उभा राहिला आणि गावाला वर्षभराची करमणूक मिळाली. अंगठा समुद्राकडे, पंजा आभाळाकडे. कोणी म्हणे, खाली गाडलेला राक्षस बाहेर यायला बघतोय. कोणी म्हणे, नगरपालिकेने अखेर हात वर केले.

शेजारीण हाल्डिस गुन्वोरला ओढतच घेऊन आली. हाल्डिसने मान वर करून तो तमाशा नीट न्याहाळला. "एवढा खर्च करून एकच? आणि दुसरा हात काय, खिशात घालायचा?"

गुन्वोरला हसू आलं नाही. तिची नजर मोज्याच्या पाठीवरच्या गुलाबावर खिळली होती. त्या भागातल्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांचा गुलाब असतोच, म्हाताऱ्या बायका तो डोळे मिटून विणतात. या गुलाबाला सात पाकळ्या होत्या. खाली डावीकडे एक जागा कोरीच होती.

ती चूक तिचीच होती. नवरा इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा त्याच्या उशाशी बसून ती मुलासाठी, आयविंदसाठी, हातमोजे विणत होती. टाके मोजता मोजता मन भरकटलं आणि एका मोज्यातली पाकळी राहून गेली. ती उसवायला निघाली, तर आयविंदने मोजा हिसकावून हातात चढवला. "राहू दे, आई. हरवला तर ओळखता येईल."

नवरा गेला आणि महिन्याभरात गुन्वोरने त्याची होडी विकून टाकली. धक्क्यावर ती रिकामी डुलताना बघवत नव्हती. पण मुलाला विचारायचं राहिलं. आयविंद त्या होडीत वल्हवायला शिकला होता, शिव्या द्यायलाही तिथेच. तो धक्क्यावर आला, रिकामी जागा पाहिली आणि तसाच दूर उत्तरेला कामाला निघून गेला. आधी नाताळची कार्डं यायची, मग तीही थांबली. गुन्वोरनेही फोन केला नाही. माय-लेक एकाच लोकरीचे, चिवट आणि टोचरे.

दुसऱ्या दिवशी ती ब्राँझचा मोजा घडवणाऱ्या शिल्पकार मुलीच्या कामाच्या शेडमध्ये जाऊन धडकली. मुलीचं नाव तीरिल. तिने सरळ सांगितलं की मूळचा लोकरी मोजा बंदराच्या धक्क्यावरच सापडला, गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात. कोणीतरी रिवाजाप्रमाणे खांबावर चढवून ठेवला होता. सापडलेला मोजा घरी न्यायचा नाही, जिथे पडला तिथेच जवळच्या खांबावर अडकवायचा, ज्याचा असेल तो परत येतो, हे तिथली पोरं चालायच्या आधी शिकतात. पण याला न्यायला अख्खा हिवाळा कोणी फिरकलं नाही. बर्फ वितळल्यावर तीरिलला राहवलं नाही, तिने तो उचलून आणला आणि त्याच्यावरूनच ब्राँझचा घडवला.

गुन्वोर मिळेल त्या खोक्यावर बसली. म्हणजे आयविंद आला होता. तिच्या घरापासून बसने चार थांबे, एवढ्या जवळ उभा राहिला आणि परत गेला. आलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि लगेच त्या विचाराची तिला लाज वाटली.

तीरिलने खणातून मोजा काढून पुढे केला. "तुमचाच आहे, घेऊन जा."

"माझा नाही," गुन्वोर म्हणाली. "होता तिथेच ठेव."

ब्राँझच्या मोज्याच्या पायथ्याशी, त्याच खांबावर, तो पुन्हा चढला. त्यानंतर गुन्वोर रोज 'मासे आणायला' बंदरावर जाऊ लागली. मासळीचं दुकान घरासमोरच आहे, याची हाल्डिसने तिला अधूनमधून आठवण करून दिली. मोजा चोरीला जाईल असंही बजावलं. एक मोजा कोण चोरतं, असं गुन्वोरने उलट विचारलं.

त्या अवाढव्य मोज्याचे फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकत होते, थट्टा चालली होती. हसा लेको, गुन्वोर मनात म्हणायची, पण फोटो मोठा छापा. पाकळ्या मोजता येतील एवढा.

नाताळच्या आधी एका दुपारी खांब रिकामा दिसला. वाऱ्याने नेला असेल, किंवा कुत्र्याने. ती कितीतरी वेळ धक्क्यावर फिरली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे हात बघत. कोणाच्याच हातात तो नव्हता. मग बस पकडून घरी आली. निदान आयविंदचा हात तरी उबेत असू दे, एवढंच तिला वाटत होतं.

तिच्या फाटकाच्या खांबावर मोजा चढवलेला होता. सात पाकळ्यांचा. पडला होता धक्क्यावर, पण हरवला होता या घरातून.

तिने तो काढला नाही. आपला हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघडी बोटं त्याच्यात हळूच सरकवली. कडाक्याची थंडी होती, आणि मोजा आतून अजून गरम होता.

तिने रस्त्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं. फाटक सताड उघडं टाकून ती पायऱ्या चढली.

"कॉफी टाकते," ती मोठ्याने म्हणाली. "पायातले बूट बाहेरच काढ."