पालथा तांब्या

खणकन आवाज झाला आणि फुलपात्र फरशीवरून गरगरत उंबऱ्यापर्यंत गेलं.

विशाखाने लॅपटॉपवरून मान वर केली, तोवर घरमालकीण गुणाबाई तिच्या लेकीला, मुग्धाला, काखोटीला मारून अंगणात पोचल्यासुद्धा होत्या. एरवी गुडघ्यांवर हात रेटून उठणारी बाई!

"वकीलबाई, भाईर या आधी! ऱ्हाऊ द्या तुमचं त्ये!"

ट्रंकेमागून मांजर निघालं आणि शेपटी ताठ करून स्वयंपाकघरात गेलं.

"मांजर हाय मेलं." गुणाबाई पायरीवर टेकल्या. "दुसरं काय न्हाई."

"आजी, परत!" मुग्धा टाळ्या पिटत म्हणाली.

गुणाबाई मूळच्या किल्लारीच्या. भूकंपानंतर लातूरला आल्या, पण सवय सोबत आली. ट्रंकेवर तांब्या पालथा घालायचा, त्याच्या गोल बुडावर फुलपात्र तोलून ठेवायचं. जमीन जराशी हलली तरी ते पडतं. पडलं की बाहेर. भूकंपाच्या रात्री त्यांचं दार चौकटीत अडकलं होतं. एवढंच त्यांनी सांगितलं, पुढचं विशाखाने विचारलं नाही. या घरात दाराला आतून कडी नव्हती. पहिला आठवडाभर विशाखा दाराला बॅग लावून झोपली. मग बॅग लावणं सुटलं, झोप मात्र धड लागलीच नाही.

नांदेडच्या रेणुकादास वकिलांच्या हाताखाली ती काम करायची; त्यांनी तिला कायद्याचं काम बघायला सहा महिन्यांसाठी इथल्या एका मोठ्या कोचिंग क्लासला दिलं होतं. वाटीभर साखर उसनी द्यावी तसं. निघताना ते म्हणाले होते, "तिथं पाहुणीसारखी बसू नकोस. कोर्टात भांडण झाल्यावर आपल्याकडं येतात. तिथं तुला भांडण व्हायच्या आधी दिसंल. आत शिर."

ती शिरली. प्रवेशाच्या खिडकीशी बसली, मेसमध्ये मुलींच्या रांगेत उभी राहिली. तरी नांदेडला फोन केला की तिकडचे म्हणत, आता तू काय बाई, क्लासवाली! आणि इथे ती आली की चहाच्या टेबलावरचं बोलणं थांबे. संध्याकाळी खोलीवर येऊन ती मुग्धाला फोन लावायची. मुग्धा दोन मिनिटं बोलायची आणि "बाबा, घे" म्हणायची.

पहिल्याच महिन्यात क्लासच्या होस्टेलची एक मुलगी रात्री न सांगता बाहेर गेली. सकाळी सुखरूप परतली, पण वडिलांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. विशाखाने नियम लिहून दिला: मुली आत आल्या की ग्रिलला बाहेरून कुलूप, किल्ली समोरच्या ऑफिसात जमा. वॉर्डनकडेही नाही, वॉचमनकडेही नाही. म्हणजे उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. सभेत पालकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या टेबलावर त्या दिवशी तिच्यासाठी खुर्ची ओढली गेली.

संचालक भागवत सरांनी काल बोलावून सांगितलं, "मॅडम, परत कशाला जाता? कायमच्याच या. लेकराला शाळेत मी घालतो. उद्या संध्याकाळी चक्कर मारा, बोलू."

म्हणूनच तिच्या नवऱ्याने, गंधारने, रात्रीच मुग्धाला दोन दिवसांसाठी नांदेडहून आणून सोडलं होतं. लेकीला गाव आवडतं का, बघावं म्हणून. आणि लेक सकाळपासून एकच खेळ खेळत होती. फुलपात्र ठेवायचं, धक्का द्यायचा, खणकन वाजलं की आजीचा हात धरून अंगणात पळायचं. आईलाही ओढून न्यायची. विशाखाला असं कुणी हात धरून ओढलं त्याला किती दिवस झाले होते!

दिवेलागणीला दोघी निघाल्या. मुग्धाला नवा फ्रॉक, विशाखाच्या पर्समध्ये पेढ्यांचा पुडा. वाटेत मुग्धाने शाळा बघितली, झोपाळा बघितला, "इथंच राहू" असंही म्हणाली. विशाखाने तिचा हात जरा घट्ट धरला.

होस्टेलपाशी मुली मेसमधून परतत होत्या. शेवटची आत गेली तसा वॉचमन व्यंकटने ग्रिल ओढून कुलूप घातलं, एकदा हिसडून पाहिलं.

"नमस्कार मॅडम. बाळ तुमचं का? लई गोड हाय." त्याने किल्ली उंच धरून दाखवली. "ही बघा, निघाली हापिसात. तुम्ही नियम केलात, माझा ताप गेला. आता कुनी रातीला हाक मारंना."

"हो," विशाखा म्हणाली.

तो रस्ता ओलांडून गेला. ऑफिसच्या पायरीवर भागवत सर उभे होते. त्यांनी हात वर करून तिला या म्हणून खुणावलं.

तीन मजल्यांवर दिवे लागले होते. खालच्या ग्रिलमधून एका मुलीने हात बाहेर काढून मुग्धाचा गाल ओढला. आतून वॉर्डन पंचशीलाबाईंची हाक आली, "चला गं, अभ्यासाला!" आणि ती गेली.

मुग्धा गज धरून आत बघत राहिली. मग तिने एका हाताने कुलूप हलवून पाहिलं. व्यंकटने पाहिलं होतं तसंच.

"चल, सर वाट बघतायत."

मुग्धा हलली नाही.

"आई, ह्या तायांचं फुलपात्र पडलं, तर ह्या अंगणात कशा येणार?"